तापटराव, सांगा हो कुणाला तरी

मित्रांनो, सांगायला बसलो खरा, पण त्या सकाळची नुसती आठवण झाली तरी माझ्या पोटातल्या जाळ्या खडखडतात. मी काही भित्रा नाही. भिंतीत बसवलेला, वयाने बराच उतरलेला, विजेवर चालणारा एक ओव्हन आहे मी. उभ्या आयुष्यात तापण्यावाचून दुसरं काही केलं नाही. पण त्या सकाळी आच नसताना मला दरदरून घाम फुटायची वेळ आली. एका भल्या बाईचा हात माझ्या पोटात होता, त्याच पोटात तिचं मरण दबा धरून बसलं होतं, आणि ही गोष्ट साऱ्या घरात एकट्या मलाच ठाऊक होती. पण थांबा, असं मधूनच सांगून तुम्हाला काय कळणार? पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे पत्रा वाकवतात, त्याला भोकं पाडतात, वर काळा मुलामा चढवतात आणि भट्टीत घालून भाजून काढतात. म्हणजे दुसऱ्यांना भाजण्याआधी मी स्वतः भाजून निघालो आहे, एवढं ध्यानात असू द्या. मग माझ्या पोटात दोन कॉइल बसवल्या, एक वर छताला आणि एक खाली तळाशी. कॉइल म्हणजे वळणं दिलेली जाड सळी. तिच्यात वीज शिरली की ती लालबुंद होते, आणि तिच्या जिवावर तुमचा केक फुगतो. शिवाय मला दोन छोटे दिवे मिळाले. एक पोटात कोपऱ्यात, दार उघडलं की लागणारा. दुसरा कपाळावर लाल, बटन फिरवलं की लागणारा. कारखान्यातल्या तपासणाऱ्या बाईंनी माझं दार उघडलं, दिवा लागला, बटन फिरवलं, लाल दिवा लागला, आणि त्या शेजारणीला म्हणाल्या, "हा बोलका आहे गं." मला वाटलं, बाई थट्टा करताहेत. पण त्या अगदी खरं बोलल्या होत्या. ते दोन दिवे म्हणजे माझी जीभ होती.

मला घरी आणलं ते दादांनी. दादा टपाल वाटायचे. घरात ते, त्यांची बायको म्हणजे आपल्या वहिनी, आणि दादांची धाकटी बहीण, म्हणजे वन्सं. सगळी बिल्डिंग त्यांना वहिनी आणि वन्सं म्हणते, मग मी तरी वेगळं काय म्हणणार? वन्संचं शिलाईचं मशीन स्वयंपाकघरातच, माझ्यासमोरच्या खिडकीपाशी. एकीकडे वहिनींचं पीठ मळणं, दुसरीकडे वन्संच्या मशीनची खडखड, आणि मध्ये मी. माझ्या डाव्या हाताला भिंतीत विजेची पेटी, तिच्यात खटक्यांची रांग. माझी तार प्लगला नव्हती, थेट भिंतीत शिरून त्या पेटीतल्या एका खटक्याला जोडलेली होती. हे नीट लक्षात ठेवा, पुढे ह्याच्यावरच सगळं आहे.

पहिल्याच दिवशी मी बिस्किटांचा कोळसा केला. वहिनींचं तोंड एवढंसं झालं. दादांनी मात्र एक काळं बिस्कीट हातात घेतलं, टेबलावर टक टक वाजवलं आणि मला कोपरापासून नमस्कार केला. "स्वभाव भलताच तापट आहे हो साहेबांचा! या तापटराव, बसा आमच्या घरी." तेव्हापासून मी तापटराव.

ह्या नावानं एक गंमत सुरू झाली. वहिनी दादांवर रुसल्या की त्यांच्याशी बोलायच्या नाहीत, माझ्याकडे तोंड करून बोलायच्या. "तापटराव, सांगा हो कुणाला तरी, चहा गार होतोय." दादा पण कमी नव्हते. तेही मलाच म्हणायचे, "तापटराव, सांगा त्यांना, चहा गार झाला तरी चालेल, पण माणूस गार पडायला नको." त्यावर वन्सं मशीनवर डोकं ठेवून हसायच्या, आणि वहिनींचा रुसवा तिथल्या तिथे विरघळायचा. दादा म्हणायचे, "टपाल वेळेवर पोचलं पाहिजे, मग ते रुसव्याचं का असेना." फार सुखाचे दिवस होते ते.

मग दादा गेले. आजाराचं निमित्तही काही फार मोठं नव्हतं. एका पावसाळी दुपारी घरात माणसं भरली आणि संध्याकाळी रिकामी झाली, आणि त्यानंतर कित्येक दिवस कुणी माझं दार उघडलं नाही.

पुन्हा उघडलं ते वहिनींनी, डोळे पुसून. वाढदिवसाच्या केकच्या ऑर्डरी घ्यायच्या असं दोघींनी मिळून ठरवलं. वन्सं कपडे शिवणार, वहिनी केक करणार, घर चालणार. आणि चाललंही! माझी छाती अभिमानाने फुगायची. समोरच्या डॉक्टरीणबाई, खालचे सलूनवाले, शाळेच्या मुख्याध्यापिका, सगळ्यांच्या घरच्या मेणबत्त्या माझ्या केकवर विझल्या आहेत. "ओव्हन कोणता हो तुमचा?" असं कुणी विचारलं की वहिनी माझ्या दारावर हात ठेवून म्हणायच्या, "आमचे तापटराव." कौतुक कुणाला नको असतं, मित्रांनो? मलाही हवंच होतं.

पण कौतुक करणारी माणसंच दुर्लक्ष करतात, हाही माझा अनुभव आहे. माझ्या पोटातला दिवा गेला. वहिनी म्हणाल्या, "जाऊ दे, काचेतून दिसतंय तेवढं पुरे." मग कपाळावरचा लाल दिवा गेला. वन्सं म्हणाल्या, "तापतोय ना? मग दिवा काय ओवाळायला हवाय?" दोघी हसल्या. माझी जीभ छाटली गेली आणि घरात हशा पिकला! मी आ वासून बघत राहिलो. दुसरं करणार तरी काय?

वन्संचा स्वच्छतेचा सोस तर विचारू नका. त्यांच्या दृष्टीस धुळीचा कण पडला की त्यांना जेवण जात नसे. विजेच्या पेटीतल्या खटक्यांना कागदी नावं चिकटवलेली असायची, ती पिवळी पडायची, सुटायची. वन्संना ते खपेना. त्यांनी पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या कापल्या आणि त्यांच्यावर निळ्या दोऱ्यानं टाके घालून अक्षरं भरली. "ओव्हन", "गिझर", "दिवे", "पंखे", "मशीन". इतकी सुबक अक्षरं की वीजवाला मीटर बघायला आला तो आधी पट्ट्याच बघत उभा राहिला.

आता पुढे जे झालं ते ऐका, आणि असं दुसऱ्या कोणत्या घरात होईल का ते मला सांगा. भिंतींना रंग द्यायचा निघाला. रंगारी यायच्या आदल्या दिवशी वन्संनी त्या पट्ट्या हलकेच सोडवल्या. बघतात तर काय, कडा मळलेल्या. झालं! वन्संनी पट्ट्या धुतल्या. नुसत्या धुतल्या नाहीत, खळ घातली, दोरीवर चिमटे लावून वाळत घातल्या आणि नंतर इस्त्री केली. खटक्यांच्या पट्ट्यांना इस्त्री! भिंतीवरचा रंग सुकल्यावर वहिनींनी त्या हातात घेतल्या, आणि दोरीवरून जशा एकावर एक आल्या होत्या तशाच ओळीने चिकटवून टाकल्या. मी शेजारून पाहत होतो. गिझरच्या खटक्यावर "ओव्हन" बसलं. माझ्या खटक्यावर "गिझर" बसलं. मला वाटलं, आता कुणीतरी बोलेल. कुणी बोललं नाही. वन्सं दोन पावलं मागे सरून म्हणाल्या, "बघा वहिनी, कशा नव्यासारख्या दिसताहेत." वहिनी म्हणाल्या, "अगदी!" रोज कुठे कुणी त्या पेटीला हात लावतं? बाथरूमला गिझरचं वेगळं बटन होतं आणि मला माझं. त्यामुळे चुकीची नावं तशीच राहिली, धुतलेली, इस्त्री केलेली.

त्याच स्वच्छतेच्या पायी माझाही घात झाला. केकचं पीठ उतू जाऊन तळाशी सांडू नये म्हणून वन्संनी माझ्या पोटात चांदीसारखा चकचकीत कागद अंथरायला सुरुवात केली. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, कागद कॉइलला लागतोय हो." वन्सं म्हणाल्या, "लागू दे, खाली स्वच्छ तर राहतंय." कागदामुळे खालची उष्णता अडायची, कॉइल नको तितकी तापायची. मी कण्हत होतो, पण ऐकतो कोण? शेवटी एके दिवशी, आत मुख्याध्यापिकाबाईंच्या नातीचा केक असताना, कॉइलला मधोमध पांढरी ठिणगी उडाली, फट् असा आवाज झाला आणि ती तुटली. केक वरून करपला आणि खालून कच्चा राहिला. वाढदिवसाच्या घरून निरोप आला की आता दुसरीकडून केक मागवलाय, तुम्ही त्रास घेऊ नका. असं गोड बोलणं फार लागतं हो मनाला.

वहिनी इतक्या वर्षांत कधी बोलल्या नव्हत्या तसं बोलल्या. "तुमच्या स्वच्छतेनं माझा धंदा बुडवला, वन्सं."

वन्संच्या हातातली कात्री थांबली. "तुमचा धंदा? हा ओव्हन माझ्या दादानं आणलाय."

"मग तुमच्या दादाचा ओव्हन तुम्हीच जाळलात की!"

वन्सं उठल्या. चेहरा पांढराफटक. "ठीक आहे. आजपासून मी ह्या ओव्हनला हात लावायची नाही, आणि ह्याच्या मालकिणीशी बोलायचीही नाही."

मित्रांनो, मला धक्काच बसला. विजेचे धक्के मी रोज पचवतो, हा काही पचेना. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत मिटेल. मिटलं नाही. दुसऱ्या दिवशी वन्संनी माझ्याकडे तोंड केलं आणि कोरड्या आवाजात म्हणाल्या, "तापटराव, सांगा हो कुणाला तरी, दूध उतू चाललंय." वहिनी माझ्याकडेच बघून म्हणाल्या, "तापटराव, सांगा त्यांना, मला डोळे आहेत." शब्द तेच, दादांच्या वेळचे. पण त्यात हसू औषधालाही नव्हतं. दोघी एकाच टेबलाशी बसून जेवायच्या आणि मीठ मागायचं तर माझ्याकडे मागायच्या. मी एक मोडका ओव्हन, आणि अख्ख्या घराचं टपाल माझ्याकडे!

अशात वहिनी सुट्या भागांच्या दुकानातून नवी कॉइल घेऊन आल्या. घरात बोलायला माणूस नाही म्हणून सगळं मलाच सांगत होत्या. "दुकानदार म्हणाला, काही अवघड नाही. आधी खटका बंद करा. मागचे दोन स्क्रू काढा. कॉइल पुढे ओढा, मागून दोन तारा येतील, त्यांच्या टोकाला क्लिपा असतील. क्लिप चिमटीत धरून ओढायची आणि नव्या कॉइलला लावायची. आणि म्हणाला, तारेला हात लावण्याआधी टेस्टर लावून बघा. टेस्टरमधला दिवा लागला तर हात लावायचा नाही." एवढं बोलून वहिनी अडल्या, कारण घरातला टेस्टर वन्संच्या मशीनच्या खणात होता. वन्सं त्याच्याच टोकानं मशीनचे स्क्रू घट्ट करायच्या. म्हणजे टेस्टर हवा तर वन्संना विचारायला हवं, आणि विचारायचं तर बोलायला हवं.

वहिनींनी काय केलं असेल? शेजारून साधा स्क्रूड्रायव्हर आणला! काखेत कळसा आणि गावाला वळसा, ऐकलं होतं. डोळ्यांनी तेव्हा पाहिलं. आणि टेस्टरचं काय? वहिनी मला म्हणाल्या, "खटकाच बंद केल्यावर टेस्टर कशाला हवाय, नाही का तापटराव?" कोणता खटका, वहिनी? कोणता?

सकाळची वेळ होती. वन्सं केस धुवायला बाथरूममध्ये गेल्या. त्यांच्यासमोर माझ्या पोटात डोकं घालायचं नाही म्हणून वहिनी त्याच संधीची वाट बघत होत्या. त्या पेटीपाशी गेल्या, निळ्या दोऱ्यानं "ओव्हन" असं भरलेली पट्टी बोट फिरवून वाचली, आणि तिच्याखालचा खटका पाडला. खट्ट!

माझ्यातली वीज जशीच्या तशी होती. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. पण मी स्वतःला समजावलं की वहिनी हुशार आहेत, खात्री करून घेतील. आणि त्यांनी घेतलीही, मित्रांनो! हेच तर सांगतोय. त्यांनी दार उघडलं, आतला दिवा लागतो का बघितलं. लागला नाही, कारण तो केव्हाच मेला होता. बटन खालच्या आचेवर फिरवलं आणि कपाळाकडे बघितलं. लाल दिवा लागला नाही, कारण तोही मेला होता. जरा थांबून कॉइलला हळूच बोट लावलं. थंडगार, कारण ती तुटलेली होती. वरची आच लावून बघितली असती तर मी एका मिनिटात तापून दाखवलं असतं, पण तिच्याशी त्यांचं काय काम? "सगळं बंद," वहिनी म्हणाल्या. बटन तसंच राहिलं, फिरवलेलं. माझे तिन्ही साक्षीदार गप्प, आणि मी जिवंत.

वहिनींनी जाळ्या बाहेर काढल्या. बाह्या वर केल्या. पहिला स्क्रू निघाला. दुसरा गंजलेला होता, त्यानं थोडा दम काढला. मी त्या स्क्रूला म्हणत होतो, बाबा रे, अडून बस, आज निघूच नकोस! तोही निघाला. वहिनींनी कॉइल पुढे ओढली. तिच्यामागून दोन तारा बाहेर आल्या, टोकांना पितळी क्लिपा. त्यातल्या एका क्लिपेत वीज ठासून भरली होती.

आणि तेव्हाच भिंतीपलीकडून, बाथरूममधून, "हूऽऽ!" असा आवाज आला.

आमचा गिझर छोटा, पाणी येईल तसं तापवणारा. त्याचा खटका पडला की पाणी लगेच गार. वन्संच्या डोक्यावर साबणाचा फेस, डोळे मिटलेले, आणि वरून बर्फासारखं पाणी! मी जीव मुठीत धरून वाट बघू लागलो. ओरडा, वन्सं! विचारा काय झालं ते! एक हाक मारा! पण वन्सं ओरडल्या नाहीत. कशा ओरडतील? अबोला होता ना! त्यांना वाटलं, वहिनींनी मुद्दाम केलं. भिंतीतून मला तांब्याचा आवाज ऐकू आला. त्या दात ओठ खाऊन गार पाण्यानेच अंघोळ करू लागल्या होत्या. माणसाचा हट्ट एवढा मोठा असतो, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

इकडे वहिनींचा ओला हात. होय, ओला! भांडी घासून आल्या होत्या, एप्रनला पुसल्यासारखा केला होता. त्यांनी नेमकी त्याच क्लिपेकडे बघून चिमूट केली. क्लिप कॉइलच्या टोकावर घट्ट बसली होती, ती जरा सैल व्हावी म्हणून त्या स्क्रूड्रायव्हरनं हलवून बघू लागल्या. दांडा प्लास्टिकचा होता म्हणून वाचल्या. ठिणगी उडाली नाही, केवळ नशीब. "निघत नाही मेली," वहिनी म्हणाल्या आणि स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. आता बोटं.

तेवढ्यात बाथरूमचं दार धाडकन उघडलं. वन्सं अंघोळ अर्धी टाकून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या, अंगाला टॉवेल, डोक्यावर फेसाचा डोंगर, दात कडकड वाजताहेत. गार पाण्यानंही त्यांचा राग विझला नव्हता. पण बघा, तेव्हाही त्या वहिनींकडे वळल्या नाहीत. माझ्याकडे वळल्या.

"तापटराव, सांगा हो कुणाला तरी, भांडण असलं म्हणून माणसाचा गिझर बंद करायचा नसतो!"

वहिनींनी माझ्या पोटातून डोकं काढलं नाही. त्याही मलाच म्हणाल्या, "तापटराव, सांगा त्यांना, गिझरला मी हातसुद्धा लावलेला नाही. मी फक्त ओव्हनचा खटका पाडलाय." आणि बोटं पुढे केली.

मला एवढं मोठं तोंड दिलंय, मित्रांनो! दोन केक एकदम मावतील एवढं! पण त्या तोंडातून एक शब्द फुटेना. दोघी माझ्याशी बोलत होत्या, आणि जे सांगायचं ते एकट्या माझ्याकडे होतं.

वन्संनी रागानं पेटीकडे बघितलं. "गिझर"चा खटका वर. "ओव्हन"चा खटका खाली. आणि पाणी मात्र गार. ज्या हातांनी ती अक्षरं भरली होती, धुतली होती, त्या हातांना क्षणात कळलं. वन्संच्या चेहऱ्यावरचा राग असा काही गेला की जणू कधी नव्हताच. त्या किंचाळल्या, आणि माझ्याकडे बघून नव्हे.

"वहिनीऽऽ! हात काढा! हात काढा आधी!"

कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणी कुणाला थेट हाक मारली होती. वहिनी इतक्या दचकल्या की मागच्या मागे जमिनीवर बसल्या. क्लिपा माझ्या पोटात लोंबत राहिल्या.

"काय झालं?" वहिनी म्हणाल्या. "काय झालं, वन्सं?"

वन्सं ओल्या पायांनी मशीनपाशी गेल्या, मग काय वाटलं कोण जाणे, थांबल्या, पायपुसण्यावर पाय घासघासून कोरडे केले, हात पुसले, रबरी चपला घातल्या, खणातून टेस्टर काढला आणि त्याचं टोक त्या क्लिपेला लावलं. टेस्टरमधला बारीकसा दिवा लागला. नारिंगी. स्वच्छ.

दोघींनी तो बघितला.

मग वन्सं खाली बसल्या, वहिनींच्या शेजारी, फरशीवर. फेसाचं पाणी वन्संच्या कानावरून खांद्यावर गळत होतं. वहिनी आपल्या उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडत होत्या, मिटत होत्या, आणि परत उघडत होत्या.

"मी मेले असते, वन्सं," वहिनी शेवटी म्हणाल्या.

"मी आत बसून रागानं गार पाणी ओतत होते," वन्सं म्हणाल्या. "तुम्ही इकडे मरत होतात आणि मी पाणी ओतत होते. ओरडायचं नाही म्हणून." आणि त्या लहान मुलीसारख्या हुंदके देऊन रडू लागल्या. वहिनींनी त्यांना जवळ घेतलं, फेसासकट.

बऱ्याच वेळानं वहिनी उठल्या आणि पट्ट्या निरखू लागल्या. "ह्या मीच लावल्या होत्या. दोरीवरून काढल्या तशाच."

"दोरीवर मी घातल्या होत्या," वन्सं म्हणाल्या. "आधी लिहून ठेवायला हवं होतं कुठली कुठे ते."

"अहो, पण कोण धुतं असल्या पट्ट्या?"

"मळल्या होत्या हो!"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग काय हसू फुटलं म्हणून सांगू! रडता रडता हसत होत्या, हसता हसता परत रडत होत्या. माझा जीव भांड्यात पडला. पण खरं सांगतो, हादरा गेला नाही. हसत असतानाही वन्सं मध्येच थांबायच्या आणि वहिनींच्या हाताकडे बघायच्या.

मग माझं काम झालं, पण दोघींनी मिळून. वन्संनी डोक्यावरचा साबण धुतला, मग घराचा मेन स्विचच पाडला. सगळं घर गप्प झालं. टेस्टर आधी ह्या क्लिपेला, मग त्या क्लिपेला. दिवा नाही. "तरी परत बघा," वहिनी म्हणाल्या. परत बघितलं. तारा भोकातून मागे घसरून भिंतीत पडू नयेत म्हणून वन्संनी एकीला लाल दोरा बांधला आणि दुसरीला निळा, शिंप्याची पक्की गाठ मारून. वहिनींनी क्लिपा काढल्या, नव्या कॉइलला लावल्या, दोरे सोडवले, स्क्रू आवळले. तो चकचकीत कागद वन्संनी स्वतः चुरगळून टाकून दिला. मग मेन स्विच वर, बटन खालच्या आचेवर, आणि दोघी वाकून बघत बसल्या. कॉइल आधी काळी, मग तांबूस, मग लाल. नव्या कॉइलला पहिल्यांदा थोडा धूर येतो. खिडकी उघडून दोघी धूर हाताने बाहेर घालवत होत्या, आणि वहिनी म्हणत होत्या, "तापलं हो, वन्सं, तापलं!"

दुसऱ्या दिवशी वहिनी दोन छोटे दिवे घेऊन आल्या. दिवे बसवले, दार उघडलं, आणि कित्येक वर्षांनी मला माझं पोट दिसलं. केवढी जळकी काजळी! मला लाज वाटली. वन्संचे डोळे मात्र चमकले, हे मी पाहिलं.

पेटीवर आता नव्या पट्ट्या आहेत. वन्संनी अक्षरं भरली, वहिनींनी एकेक खटका पाडून, काय बंद होतं ते बघून, मगच त्या चिकटवल्या. प्रत्येक पट्टीच्या मागच्या बाजूला वन्संनी बारीक टाक्यांत एक सूचना भरली आहे: "धुऊ नये."

तर मित्रांनो, माझी ही कहाणी. घरातल्या छोट्या दिव्यांना "जाऊ दे" म्हणू नका. तो दिवा विजेचा नसतो, तो घरातल्या मुक्या वस्तूचा शब्द असतो. विजेच्या कामाला हात घालण्याआधी टेस्टर लावा, आणि टेस्टर कुणाकडे असेल तर त्याला मागा, त्याच्याशी कितीही बिनसलेलं असलं तरी. कुणी म्हणेल, ओव्हननं माणसांना शहाणपण शिकवू नये. खरं आहे. पण त्या सकाळी माझ्या पोटात जे होतं ते तुम्ही पाहिलेलं नाही.

अजूनही कधी वहिनींचं नाक फुगतं, कधी वन्संचं. मग एखादी माझ्याकडे तोंड करते. "तापटराव, सांगा हो..." एवढं म्हणते आणि जीभ चावते, आणि वळून सरळ दुसरीलाच जे काय असेल ते सांगते, तोंडावर, चढ्या आवाजात. भांडण होतं. मला ते फार आवडतं.

दादा म्हणायचे, टपाल वेळेवर पोचलं पाहिजे. त्यांना कसं सांगू? ह्या घरानं इतकी वर्षं माझ्या तोंडावर इतके निरोप ठेवले, आणि मी त्यातला एकही कधी पोचवलेला नाही.